मुलाचं डोकं दुखतं तेव्हा

जूचंद्र म्हणजे रांगोळी कलाकारांचं गाव. इथं एखादं मूल तासन्‌तास वाकून रंग भरतं, जेवणही विसरतं आणि उठताना म्हणतं, "आई, डोकं दुखतंय."

आधी पाणी, खाणं आणि विसावा द्या. "नाटकं करतोय" असं मात्र कृपा करून म्हणू नका. मुलांनाही अर्धशिशी होते. नाव अर्धशिशी असलं तरी मुलांमध्ये ती बऱ्याचदा दोन्ही बाजूंना, कपाळावर दुखते. मळमळतं, उजेड नकोसा होतो, झोप लागली की उतार पडतो. वहीत लिहून ठेवा: कधी दुखलं, किती वेळ, आधी काय खाल्लं, झोप किती झाली. निदानासाठी डॉक्टरांना याच नोंदींचा मोठा उपयोग होतो. डोळेही तपासून घ्या.

पॅरासिटामॉल वजनानुसार, डॉक्टरांना विचारूनच द्या. मनानं अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. त्यानं मुलांच्या यकृताला आणि मेंदूला क्वचित, पण गंभीर इजा होते.

पहाटे दुखण्यानं जाग येणं, वारंवार उलट्या, तोल जाणं, दोन-दोन दिसणं, तापात मान ताठरणं, मार लागल्यावर दुखणं वाढत जाणं, यातलं एकही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा.