दाते खाली, हात मोकळे: घरच्या मशीनवर गोधडी

(मशीनचा आवाज, एकसारखा, साधारण दहा सेकंद.)

ऐकलंत? आता दुसरा आवाज ऐका.

(मशीनचा आवाज. मध्येच वेग वाढतो, अडखळतो, पुन्हा वाढतो. मग 'टक्'.)

ते 'टक्' म्हणजे सुई मोडली. दोन्ही रेकॉर्डिंग एकाच मशीनची आणि माझ्याच हातांची आहेत. दुसरं आधीचं आणि पहिलं त्यानंतर सात आठवड्यांनी केलेलं. त्या सात आठवड्यांत काय झालं, तेच आज सांगणार आहे.

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज गोधडी.

झालं असं की माझ्या बहिणीला दिवस गेले होते. आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराला आजीच्या हातचं दुपटं मिळालंय. मलाही मिळालं होतं, त्याच्या चिंध्या आई अजून जपून ठेवते. आजी गंगापूर तालुक्यात गावाकडे राहते. या वेळी तिने लुगडी निवडली, थर लावले, कच्चे टाके घातले आणि तिथेच थांबली. गुडघे दुमडत नाहीत, सुईत दोरा दिसत नाही. दिवाळीत मी गेलो तेव्हा तिने ती घडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुह्या मायची मशीन हाये ना? मार त्याच्यावर."

आईची मशीन म्हणजे घरगुती इलेक्ट्रिक. तिच्यावर आई ब्लाउज शिवते आणि बजाजनगरमधल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावते. मी आयुष्यात तिच्यावर एकदा पँट आखूड केली होती, तेवढाच अनुभव. पण इंजिनिअर माणूस. म्हटलं, त्यात काय, सरळ रेषाच तर मारायच्या.

नशीब, आधी जुन्या चादरींवर करून पाहिलं. दोन चादरी, मध्ये पातळ वॅडिंग, सरळ शिलाई. शेवटपर्यंत पोचलो तर वरची चादर दोन बोटं पुढे सरकलेली आणि मागे सगळीकडे चुण्या. कारण सोपं आहे. मशीनचे दाते खालून कापड ओढतात आणि वरचा फूट ते दाबून धरतो. खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो. ब्लाउजच्या दोन थरांत हे जाणवत नाही. तीन-चार थर झाले की जाणवतं. शिवाय वळायचं म्हटलं की अख्खं दुपटं मशीनच्या गळ्याखालून फिरवायचं.

यावर जगभर एक उपाय करतात, त्याला फ्री मोशन क्विल्टिंग म्हणतात. मशीनचे दाते खाली पाडायचे. काही मशीनना त्यासाठी मागे किंवा खाली छोटी खीळ असते, काहींवर दाते झाकणारी प्लेट बसते. नेहमीचा फूट काढून डार्निंग फूट लावायचा. हा सुईबरोबर वरखाली उड्या मारतो, म्हणजे सुई वर असताना कापड मोकळं असतं. आता कापड कोण हलवणार? तुम्ही. पुढे, मागे, आडवं, गोल, हवं तिकडे. आपल्याकडचे रफू करणारे आणि मशीनवर नाव काढून देणारे कारागीर हे पिढ्यान् पिढ्या करत आलेत, त्यांना कोणी क्विल्टर म्हणत नाही एवढंच.

मी इंटरनेटवर बघून पहिला तुकडा केला. सगळीकडे दाट नागमोडी रेघ, एक इंच मोकळा सोडला नाही. फार खूश होतो. गावी जाऊन आजीला दाखवला. तिने तो हातात घेतला, वाकवला, मग जमिनीवर उभा केला. आणि तो खरंच उभा राहिला.

"आरं, हे दुपटं हाये का पत्रा?"

वाळूजच्या मुलाला पत्रा म्हणजे काय ते सांगायला नको. वडील तीस वर्षं एमआयडीसीत आहेत. ते बाजूला बसून पोट धरून हसले.

पण आजीचा मुद्दा पक्का होता. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा वरखाली जातो, थोडा सैल राहतो, म्हणून कापडाला ती बारीक लाट येते आणि गोधडी अंगाला बिलगते. मशीनच्या शिलाईत वरचा आणि बॉबीनचा असे दोन दोरे प्रत्येक टाक्याला एकमेकांत अडकतात. जितके टाके जास्त, तितकं कापड ताठ. अमेरिकेतही यावरून वाद झालाय. 1989 मध्ये केंटकीतल्या पडुका गावच्या मोठ्या क्विल्ट प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोत्तमचा मान मिळाला. तोपर्यंत तो मान हातकामालाच मिळत आला होता, त्यामुळे बरेच जण नाराज झाले. ती क्विल्ट आता तिथल्याच संग्रहालयात आहे. असो. भिंतीवर टांगायच्या क्विल्टला ताठपणा चालतो. बाळाला गुंडाळायच्या दुपट्याला नाही. म्हणून ठरलं, रेघांमध्ये चार बोटं अंतर. आणि सगळीकडे सारखंच अंतर, कारण एका जागी दाट आणि शेजारी मोकळं केलं तर मोकळा भाग फुगतो.

आता खरी अडचण. दाते पडले की टाक्याची लांबी ठरवणारं मशीनमध्ये काही उरत नाही. ती लांबीची चकती फिरवून उपयोग नाही. माझे टाके कधी गव्हाच्या दाण्याएवढे, कधी खसखशीएवढे. आठवडाभर रोज रात्री करत होतो आणि रोज तसंच. मला वाटलं, हात थरथरतो, आपल्यात कलाच नाही.

एका रात्री वडील सेकंड शिफ्टवरून आले, चहा घेत मागे उभे राहिले आणि म्हणाले, "तुझा आरपीएम बदलतोय आणि फीडपण बदलतोय. मग फिनिश कसं येणार?"

ते सीएनसी लेथवर काम करतात. लेथवर जॉबच्या एका फेऱ्यात टूल किती पुढे जातं, त्यावर पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत हे ठरतं. इथेही तेच. सुईच्या एका फेऱ्यात हात किती सरकला, तोच टाका. मी अवघड जागी घाबरून पाय दाबत होतो आणि हात थांबवत होतो. सोपी जागा आली की उलटं. दोन्ही आकडे एकाच वेळी हलत होते. कोडमध्ये मी असं कधीच केलं नसतं. बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते.

मग वडिलांनी सांगितल्याप्रमाणे आधी आरपीएम बांधून टाकला. आमच्या मशीनला वेगाची सरकपट्टी नाही, म्हणून पेडलच्या फटीत खोडरबराचा तुकडा चिकटवला. आता पाय पूर्ण दाबला तरी मशीन एका वेगाच्या वर जात नाही. हा उपाय फुकटचा आहे, आजच करा.

पुढचं मोजमाप लक्ष देऊन ऐका, या भागातलं सगळ्यात कामाचं हेच आहे. दाते वर ठेवा, साधा फूट लावा, टाका 2.5 मिलिमीटरवर. मोबाइलवर दहा सेकंदांचा टायमर लावा आणि पेडल पूर्ण दाबून सरळ शिवा. किती सेंटीमीटर शिवलं ते मोजा. माझं आलं 20. म्हणजे दहा सेकंदांत 80 टाके, मिनिटाला 480. आणि कापड सेकंदाला दोन सेंटीमीटर सरकलं. बस. दाते पाडल्यावर तुमच्या हातांनी नेमक्या त्याच वेगाने जायचं आहे. दाते जे करत होते, ते तुम्ही करणार.

मग सरावाच्या कापडावर दोन-दोन सेंटीमीटरवर पेन्सिलच्या आडव्या रेघा मारल्या. मोबाइलवर मेट्रोनोम, मिनिटाला 60 ठोके. प्रत्येक टिकला एक रेघ ओलांडायची. पहिल्या दिवशी वेड्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी टाके मोजले तर बहुतेक 2 ते 3 मिलिमीटरमध्ये. तो सुरुवातीला ऐकलेला एकसारखा आवाज, त्यातला पेडलचा भाग खोडरबराचा आणि उरलेला मेट्रोनोमचा आहे. महागड्या मशीनमध्ये सेन्सर असतो, हाताचा वेग बघून सुईचा वेग बदलतो. छान असतं म्हणतात. माझ्याकडे खोडरबर आहे.

आता वळणं. सरळ रेषेत जमलं ते वळणावर बिघडतं, कारण वळताना हात नकळत पळतो. उलट बाजूला दोऱ्याचे छोटे छोटे फासे दिसतात, पापण्यांसारखे. ते दिसले की लगेच टेन्शनचा स्क्रू पिळायला घेऊ नका. मी घेतला होता, एक रविवार गेला. आधी वळणावर हात हळू करून बघा. तरी राहिले तर वरचं टेन्शन थोडं, अगदी अर्धा आकडा, वाढवा. आणि खाली गुंत्याचं घरटंच झालं असेल, तर बहुधा फूट खाली पाडायला विसरलात. डार्निंग फूट खाली असला तरी वरच दिसतो, म्हणून विसरायला होतं. मी अजून विसरतो.

वळणांसाठी मला सापडलेली युक्ती म्हणजे 'ळ'. आपल्या वाळूजमधला 'ळ'. इंग्रजी व्हिडिओत आठचा आकडा आणि छोटा ई काढायला सांगतात. पण 'ळ' हाताला पहिलीपासून माहीत आहे. ळळळळ अशी न उचलता ओळ काढा, दोन्ही बाजूंची वेटोळी येतात. आधी कागदावर, पेन न उचलता. कागदावर अडखळलात तर कापडावर अडखळणारच. आमच्या शेजारच्या काकांना मोडी येते, त्यांनी ते पान बघून म्हटलं, अरे, ही तर मोडीची सवय. हात कमीत कमी उचलून भराभर लिहिता यावं, यासाठीच मोडीची वळणं तशी झाली. मशीनवरही सुई उचलली की दोरा तोडा, गाठ मारा, पुन्हा सुरू करा. म्हणून नक्षी अशी निवडा की एका रेघेत सगळीकडे फिरून येता येईल.

नजरही महत्त्वाची. सुईकडे बघू नका. स्कूटर चालवताना पुढच्या चाकाकडे बघतो का आपण? जिथे जायचंय तिथे, बोटभर पुढे बघा.

सामानात मी फार पैसे घातले नाहीत. क्विल्टिंगचे खास हातमोजे ऑनलाइन महाग आहेत. आपल्याकडे एमआयडीसीच्या सेफ्टी दुकानात कामगारांचे ठिपक्यांचे सुती हातमोजे मिळतात, रबरासारखे ठिपके असलेले. कापड घट्ट पकडतात, जोर लावावा लागत नाही, खांदे दुखत नाहीत. मशीनभोवती सपाट जागा हवी, नाहीतर दुपट्याचं वजन टेबलाखाली लोंबतं आणि सुई वाकते. माझी सुई तशीच मोडली होती. मी जाड थर्मोकोलची शीट मशीनच्या बेडच्या आकारात कापून बेडच्या उंचीला बसवली. फूट मात्र लावाच. काही कारागीर रिंग लावून बिनफुटाचं करतात, त्यांची बोटं शिकलेली असतात. आपली नाहीत.

सहाव्या आठवड्यात आजीची घडी उघडली. वरचं इरकली लुगडं धुऊन धुऊन इतकं पातळ झालेलं की 14 नंबरच्या सुईने भोकं दिसू लागली. 11 नंबरची नवी सुई लावली, सुती दोरा. सुरुवातीला बॉबीनचा दोरा वर ओढून घेतला, अगदी बारीक चार टाके जागच्या जागी, मग पुढे. आजीचे कच्चे टाके मी काढले नाहीत, त्यांच्यामध्ये तळहाताएवढ्या अंतराने सेफ्टी पिना लावल्या आणि सुई जवळ आली की एकेक काढत गेलो.

इथे फोनवर आमचं भांडण झालं. आजी नेहमी काठाकडून आत येते, चौकोनात चौकोन. मी मध्यातून सुरू करणार होतो, म्हणजे जास्तीचं कापड बाहेर ढकललं जातं आणि चुण्या पडत नाहीत. ती म्हणाली, "काठ आधी धरला नाही तर पळंल ना ते." जमिनीवर अंथरून, हाताने, तिचं बरोबर आहे. मशीनवर कापड सतत ढकललं जातं, तिथे माझं. शेवटी काठाला तिने सांगितला तसा कच्चा दोरा दुहेरी घातला आणि शिवायला मध्यातून सुरुवात केली. चार संध्याकाळी लागल्या. एका सलग बैठकीत वीस मिनिटांच्या वर करू नका, मान धरते आणि टाके लगेच सांगतात.

भाची झाली त्याच्या नऊ दिवस आधी मी दुपटं घेऊन गावी गेलो. आजीने वरची बाजू बघितलीच नाही. आधी उलटं केलं. बोटं फिरवत गेली, आता तिला डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त कळतं. मग मुठीत चुरगाळलं आणि सोडलं. उभं राहिलं नाही, पडलं.

"बरंय," म्हणाली. मग एका कोपऱ्यावर बोट थांबलं. "हे उसव."

त्या कोपऱ्यात शेवटच्या रात्री घाई केली होती. तीन पापण्या होत्या. मला वाटलं होतं, कोणाला कळणार. मी तिथेच ओसरीवर बसून उसवलं आणि तेवढा कोपरा हातानेच शिवला, ती सांगेल तसा धावदोरा.

तुम्ही करून बघितलंत तर पहिल्या तुकड्याचा फोटो पाठवा. उलट बाजूचा. पुढच्या भागात भेटू. आणि हो, मशीन साफ करून बॉबीनखालचा कापूस काढा, थेंबभर तेल घाला. वॅडिंगचा भुगा तिथे फार साचतो.

(मशीनचा आवाज.)