संगणक खेळांच्या कल्पना आणि टिपणांची व्यवस्था

संगणक खेळाच्या निर्मितीत कथा, चित्रे, ध्वनी आणि नियम ही अंगे एकाच वेळी आकार घेत असल्याने, एका अंगातील बदल इतरांपर्यंत पोहोचवणारी नोंदव्यवस्था आवश्यक ठरते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या, २०२० मध्ये प्रकाशित झालेल्या ‘राजी’ या खेळात पुराणकथा, राजस्थानी वास्तुशैली आणि छायाबाहुल्यांची कथनपद्धती एकत्र आली आहे. इतके संदर्भ केवळ स्मरणाच्या बळावर सांभाळणे अवघडच.

उदाहरणार्थ, मनमाड या रेल्वे जंक्शनवर खेळ रचायचा झाल्यास मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर या दिशांच्या लोहमार्गांची स्वतंत्र टिपणे करावी लागतील. ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये दुसऱ्या टिपणाचे नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिले की दोन्ही जोडली जातात, आणि ‘सिग्नलचा नियम’ हे टिपण उघडताच त्याचा उल्लेख करणारी सर्व टिपणे, म्हणजेच त्याचे उलट दुवे, पाहता येतात. त्यामुळे नियम बदलल्यास खेळाचे कोणते टप्पे पुन्हा तपासावे लागतील, हे चटकन कळते. शिवाय ही टिपणे साध्या मजकुराच्या फायलींत वापरणाऱ्याच्याच संगणकावर साठत असल्याने इंटरनेट नसतानाही वाचता येतात, आणि लहान शहरातील एकट्या निर्मात्यासाठी हा गुण देखण्या मांडणीहून अधिक मोलाचा आहे.

कच्च्या कल्पना आणि स्वीकारलेले निर्णय मात्र वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवावेत, आणि नाकारलेल्या कल्पनेसोबत नकाराचे कारणही लिहावे, म्हणजे तीच चर्चा सहा महिन्यांनी पुन्हा करावी लागत नाही.