हलक्या पुस्तकाचे मोल
(वाघोली येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



२०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. परंतु वर्गातील एक जुना प्रश्न गावात होता तसाच शहरातही आहे. बुद्धी असूनही ज्याला अक्षरे जुळत नाहीत, त्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

रिक रायर्डन हे अमेरिकेतील शिक्षक. त्यांच्या मुलाला वाचनाचा कंटाळा, ग्रीक पुराणकथांची मात्र ओढ. ठाऊक असलेल्या कथा संपल्या, तेव्हा पित्याने नवी कथा रचून सांगितली. तिचीच पुढे 'द लायटनिंग थीफ' ही कादंबरी झाली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. तिचा बारा वर्षांचा नायक पर्सी हा समुद्रदेव पोसायडनचा पुत्र. पण छापील अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे नाचतात. ज्या उणिवेमुळे तो वर्गात मागे पडतो, तीच लेखकाने त्याच्या देवकुळाची खूण ठरविली.

असे पुस्तक हलके म्हणून आपण बाजूस सारतो. पण भा. रा. भागवतांनी आपल्याच हवेली तालुक्यातील फुरसुंगीचा बनेश फेणे मराठी मुलांचा सवंगडी केला, तो हलक्याफुलक्या भाषेतच.

विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झाला आहे. कथा हा तिच्यावरील उपचार नव्हे. तज्ज्ञांचे साहाय्य हवेच. परंतु ते स्वीकारण्याचे धैर्य कथा देते. म्हणून ग्रंथालयाचे कपाट उघडे ठेवावे. मूल अडखळले, तर आपण वाचून दाखवावे. देवपुत्रालाही अक्षरे अडतात हे कळलेले मूल पुढचे पान उलटण्यास भीत नाही.