बंद घराची राखण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे व्याख्यान देणे मला जमायचे नाही. पण घर राखण्याचा विषय असेल, तर त्यात आपण बायका कोणाला हार जाणार नाही. म्हणून चार शब्द सांगते.

आपल्या फोंडाघाटात पुष्कळ घरे वर्षातला बराच काळ बंद असतात. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात आंबे-फणस खाऊन जातात, की मग दाराला कुलूप. काही घरांत एकटी म्हातारी आई मागे राहते. शिवाय देवगड-निपाणीचा रस्ता आपल्या गावातून जातो. दाजीपूरकडून घाट उतरून रात्री-अपरात्री गाड्या येतात. येणारे-जाणारे सगळे वाईट नसतात. पण एखाद्याची नजर वाईट असली, तर आपले घर त्याला काय सांगते, याचा विचार आपणच करायला हवा.

कारण घर बोलते, बायांनो! खळ्यात गुडघाभर रान, दारात पाचोळ्याचा थर, तुळस वाळलेली; अशा घराला 'आत कोणी नाही' अशी पाटी लावायची गरज राहत नाही. काहीजण ओटीवरचा दिवा चालू ठेवून मुंबईला जातात. रात्री तो ठीक, पण भर दुपारी जळणारा दिवा घर रिकामे असल्याचेच सांगतो. त्यापेक्षा शेजारणीने तिन्हीसांजेला लावावा आणि सकाळी मालवावा.

चोराला उजेड नको, आवाज नको आणि खोळंबा तर मुळीच नको. जिथे वेळ लागेल ते घर तो सोडून देतो. आपण कुलूप भारी घेतो, पण कोयंडा जुना, गंजलेला असतो. चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही, कोयंडा उचकटतो. म्हणून कडी-कोयंडा दाराच्या आरपार बोल्ट घालून, आतून नट आवळून बसवावा. पुढच्या दाराला आतल्या बाजूचे कुलूप असले तर बाहेरून टाळे दिसत नाही. मागच्या दाराला जुनी आगळ असेल तर ती काढून टाकू नका. तिच्याइतका भरवसा नव्या कडीचा नाही.

आता आपल्या काही सवयी. परड्यात शिडी उभी, मांगरात पहार आणि कोयता उघड्यावर! म्हणजे चोराने हत्यारसुद्धा घरून आणायला नको. कौलारू घराला तर शिडी मिळाली की चार कौले सरकवून आत उतरता येते. ही अवजारे घरात कुलपात ठेवावी. आणि चावी? ती तुळशीच्या कुंडीखाली, चौकटीवर नाहीतर वाशाच्या फटीत. या जागा आपल्याला ठाऊक, तशा चोरालाही ठाऊक. चावी माणसाच्या हातातच द्यावी.

दागिन्यांचे म्हणाल, तर रोजचे मंगळसूत्र सोडून बाकीचे बँकेच्या लॉकरमध्ये बरे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे बँकेत चोरी होऊन लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. घरच्या कपाटाला तेवढाही आधार नाही. प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन आणि पावती जपून ठेवावी. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची खूण असते, तीही वहीत उतरवावी. माल सापडला तर तो आपलाच, हे त्यावरून सांगता येते.

दुपारी पुरुषमाणसे बाहेर असताना 'दागिने चकचकीत करून देतो' म्हणत कोणी आला, तर दार उघडूच नये. त्यांच्या पाण्यात सोने झिजते, नाहीतर डबा उघडावा तर आत दागिनाच नसतो. आणि हल्लीची नवी दवंडी म्हणजे मोबाईल. आपण गोव्याला निघालो की वाटेतूनच फोटो टाकतो. फोटो घरी परतल्यावर टाकले तर त्यांची शोभा काही कमी होत नाही.

पण एवढे सगळे केले, तरी खरी राखण शेजारचीच. पूर्वी निघताना बाई सांगत असे, "आमी मुंबयक जातंव, घराकडे लक्ष ठेव गो." त्या एका वाक्यात सगळा बंदोबस्त होता. हल्ली गडग्यापलीकडच्या घरी कोणाचा फोन नंबर आहे, हे आपल्याला माहीत नसते. बोलणे तुटले की राखण तुटली.

राखण करताना एक भान मात्र ठेवायचे. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीवान यांना ठार मारले. तिघेही निरपराध होते. आपल्याही गावात फेरीवाले येतात, देवाच्या नावाने मागणारे येतात. अनोळखी म्हणजे चोर नव्हे. संशय आला तर गाडीचा नंबर टिपा, ११२ ला फोन लावा, कणकवली पोलिसांना कळवा. आपण हात उचलायचा नाही आणि घरच्या पुरुषांना, मुलांना उचलू द्यायचा नाही. ही जबाबदारी आपली आहे.

चोरी झालीच तर आत शिरून आवराआवर करू नका. ठसे पुसले जातात. मालक मुंबईत असला तरी १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याने तो तिथल्या पोलीस ठाण्यातही खबर देऊ शकतो आणि तिची प्रत त्याला फुकट मिळते.

बैल गेला नि झोपा केला, असे आपले होऊ नये. म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. प्रत्येक वाडीतून दोन भगिनींनी बंद घरांची आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करावी, मालकांचे नंबर वहीत घ्यावे आणि आठवड्यातून एकदा त्या अंगणात पाय टाकावा. एकट्या आजीकडे तर घटकाभर बसावे. घराची राखण होईल आणि तिचीही विचारपूस होईल. याला पैसा लागत नाही, वर्गणी लागत नाही. येत्या बैठकीला ही वही सुरू व्हावी, एवढीच विनंती करते आणि आपली रजा घेते.