स्नायुदाह : वेळीच ओळखावयाची व्याधी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरसाल या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शिक्षणनिधी, विवाहातील वाढता खर्च अशा विषयांचा ऊहापोह होत असतो. यंदा आरोग्यविषयक काही सांगावे अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा फारसा कोणाच्या कानावरून न गेलेला असा एक विषय आम्ही मुद्दाम निवडला. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर शाळेत मुले शिकविली, एवढेच आमचे भांडवल. परंतु अवघड गोष्ट सोपी करून सांगणे हा शिक्षकाचा धर्म आहे. आणि आमच्या आप्तवर्गातील एका भगिनीच्या आजारानिमित्त गेल्या काही वर्षांत जे वाचले व डॉक्टरांस विचारून समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

शरीरात रोगजंतूंशी झुंजणारी एक संरक्षक यंत्रणा असते. क्वचित प्रसंगी ही यंत्रणा आपलेपरके ओळखीनाशी होते आणि स्वतःच्याच स्नायूंवर चालून जाते. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार. स्नायूंत दाह होतो, त्यांचे तंतू झिजतात व अंगातील बळ हळूहळू ओसरते. या व्याधींच्या समूहास डॉक्टर मायोसायटिस म्हणतात. आपण स्नायुदाह म्हणू. तो दुर्मीळ आहे, संसर्गजन्य नाही आणि आईबापांकडून मुलांकडे सरळ उतरणाराही नाही. लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत कोणासही होऊ शकतो. त्याच्या बहुतेक प्रकारांत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक आढळते.

या व्याधीची पहिली खूण बहुधा वेदना नसते. रोजचे काम न जमणे ही असते. खांदे, दंड, कंबर आणि मांड्या यांचे मोठे स्नायू प्रथम दुबळे होतात, आणि तेही दोन्ही बाजूंचे. पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. वेणी घालताना हात भरून येऊन खाली पडतात. फळीवरचा डबा काढता येत नाही. पुढे उशीवरून मान उचलणे कठीण जाते, घास गिळताना अडकतो, पाणी नाकातून येते. मनगट आणि बोटे मात्र पुष्कळदा चांगली राहतात. म्हणून रोगी सुई ओवू शकतो, पण वाळत घातलेले लुगडे काढू शकत नाही. पाहणाऱ्यास वाटते, ही कामचुकारपणा करते. भगिनींनो, या एका गैरसमजापायी किती सुना बोलणी खात असतील, त्याचा विचार करावा.

काही रोग्यांच्या त्वचेवरही खुणा उमटतात. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर खरखरीत पुटकुळ्या, गळ्यावर व पाठीवर उन्हाने भाजल्यासारखे चट्टे. त्वचेसह होणाऱ्या या प्रकारास डर्मॅटोमायोसायटिस असे नाव आहे. पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णने बव्हंशी गोऱ्या त्वचेवरून लिहिलेली असल्यामुळे आपल्या सावळ्या वर्णावर तो जांभळेपणा चटकन दिसत नाही, नुसता काळवंडलेला डाग वाटतो. मग कोणी त्यास वांग म्हणतो, कोणी मनात भलतीच शंका घेऊन दूर सरतो.

मात्र अंगात बळ नाही म्हणजे स्नायुदाहच, असे कोणी समजू नये. ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्या, तसेच काही आनुवंशिक स्नायुविकार यांनीही अशाच प्रकारची दुर्बलता येते. घराबाहेर ऊन न लागणाऱ्या आपल्या स्त्रियांत ड जीवनसत्त्वाची उणीव विशेष आढळते, आणि तिचा उपाय स्वस्त आहे. म्हणूनच रोगाचे नेमके नाव कळणे याला फार महत्त्व आहे.

वर उल्लेखिलेल्या भगिनीचे उदाहरण येथे देणे उचित होईल. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिला जमिनीवरून उठणे कठीण होऊ लागले. प्रथम वात म्हणून तेल चोळले. मग एका रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा यकृताच्या म्हणून मोजल्या जाणाऱ्या एस. जी. ओ. टी. व एस. जी. पी. टी. या दोन द्रव्यांचे प्रमाण वाढलेले दिसले, आणि तिच्यावर पाच महिने यकृताचे उपचार झाले. वास्तविक ही दोन्ही द्रव्ये स्नायूंतही असतात आणि स्नायू झिजले की रक्तात उतरतात. पुढे एका तरुण डॉक्टरांनी तिला केवळ जमिनीवर बसवून हात न टेकता उठावयास सांगितले. ती उठू शकली नाही. त्यांनी लागलीच सी. पी. के. नावाची स्नायूंची रक्ततपासणी करविली. तिचा आकडा नेहमीच्या कित्येक पट निघाला, आणि निदानाची वाट सापडली. पाच महिन्यांचा काळ आणि गाठीचा पैसा मात्र गेला तो गेलाच.

आता या विद्येचा इतिहास थोडक्यात पाहू. जर्मनीत एर्न्स्ट वाग्नर यांनी १८६३ मध्ये या व्याधीचे वर्णन केले आणि १८९१ मध्ये हाइनरिख उन्फेरिख्ट यांनी डर्मॅटोमायोसायटिस हे नाव रूढ केले. तथापि कोणास स्नायुदाह म्हणावे याविषयी एकवाक्यता नव्हती. १९७५ मध्ये बोहान आणि पीटर या अमेरिकन डॉक्टरांनी पाच कसोट्या घालून दिल्या : दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्नायूंची दुर्बलता, रक्तातील स्नायुद्रव्यांची वाढ, सुई टोचून घेतलेला स्नायूंचा विद्युत् आलेख, स्नायूचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी, आणि त्वचेवरील विशिष्ट पुरळ. अन्य कारणे वगळून यांतील जितक्या कसोट्या उतरतील तितके निदान दृढ. कित्येक दशके जगभरचे डॉक्टर याच पट्टीने मोजीत आले.

पण शास्त्राची थोरवी अशी की ते स्वतःचीच पट्टी पुनःपुन्हा तपासते. या कसोट्यांना उतरणाऱ्या काही रोग्यांस, विशेषतः पन्नाशी उलटलेल्या पुरुषांस, नेहमीच्या औषधाने गुणच येईना. तुकड्याची बारकाईने तपासणी करता त्यांचा रोगच निराळा निघाला. त्यास इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस म्हणतात. यात मांडीच्या पुढल्या भागाबरोबर बोटांची पकडही जाते, आणि स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. २००३ मध्ये नेदरलंड्समधील डॉक्टरांनी स्नायुदाहाच्या १६५ रोग्यांची नोंदपत्रे चाळली, तेव्हा ज्यांस निर्भेळ पॉलिमायोसायटिस म्हणता येईल असे अवघे ९ निघाले. पुढे २०१७ मध्ये युरोप व अमेरिका येथील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी ९७६ रोगी आणि तुलनेसाठी तत्सदृश अन्य विकारांचे ६२४ रोगी यांच्या माहितीवरून गुणांकनाची नवी पद्धती सिद्ध केली. परीक्षेत प्रत्येक उत्तरास गुण द्यावेत तसे यात प्रत्येक लक्षणास गुण असतात, आणि बेरजेवरून स्नायुदाहाची शक्यता किती हे ठरते. ती मुख्यतः संशोधनात रोग्यांचे वर्गीकरण करण्यासाठी आहे. समोरच्या रोग्याचे निदान डॉक्टरांच्या विवेकावरच अवलंबून राहते.

रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे संरक्षक यंत्रणेने चुकून सोडलेली अस्त्रे, यांवरूनही पुढचे भाकीत थोडेफार करता येऊ लागले आहे. जो-१ हे प्रतिपिंड असल्यास फुप्फुसांवर लक्ष ठेवावे लागते. एम. डी. ए.-५ असल्यास स्नायू जवळजवळ ठणठणीत असूनही फुप्फुसे काही आठवड्यांत धोक्यात येऊ शकतात. म्हणून पुरळासोबत कोरडा खोकला व दम असेल, तर एक दिवसही दवडू नये. काही प्रौढांत डर्मॅटोमायोसायटिस हा शरीरात लपलेल्या कर्करोगाचा इशारा असतो. स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड येथील ६१८ रोग्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १९८ जणांस आजाराच्या आधी वा नंतर कर्करोग आढळला होता. हे आम्ही भय घालण्यासाठी सांगत नाही. डॉक्टरांनी आणखी तपासण्या सुचविल्यास "उगाच पैसे काढतात" असा संशय घेण्यापूर्वी हा आकडा ध्यानात असावा, इतकेच.

उपचारांत स्टेरॉइड हे अद्यापि पहिले औषध. ते त्वरित गुण देते, पण साखर व रक्तदाब वाढविते, हाडे पोकळ करते आणि दीर्घकाळ घेतल्यास स्वतःच स्नायू दुबळे करते. म्हणून मेथोट्रेक्सेट, अॅझाथायोप्रिन यांसारखी दुसरी औषधे जोडीस देऊन त्याची मात्रा हळूहळू उतरवितात. लहान मुलांच्या बाबतीत हे सप्रमाण सिद्ध झाले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२ देशांतील १३९ मुलांवरील प्रयोगात सहा महिन्यांच्या अखेरीस नुसत्या स्टेरॉइडने ५१ टक्के मुलांना गुण आला, तर मेथोट्रेक्सेटची जोड दिलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना. आपल्या देशात क्षयाचा प्रादुर्भाव असल्यामुळे अशी औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करवून घेणेही अगत्याचे असते.

आणखी एका प्रयोगाची हकीकत मोठी उद्बोधक आहे. निरोगी दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिल्यास डर्मॅटोमायोसायटिसमध्ये लाभ होतो काय, हे पाहण्यासाठी ९५ रोग्यांचे दोन गट केले. एकास खरे औषध आणि दुसऱ्यास औषध नसलेला द्रव. कोणास काय मिळाले हे रोग्यास ठाऊक नाही, तपासणाऱ्यासही नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : सोळाव्या आठवड्यात औषधाच्या गटात ७९ टक्क्यांना सुधारणा, आणि दुसऱ्या गटात ४४ टक्क्यांना. या दुसऱ्या आकड्याकडे आपले लक्ष वेधतो. औषध न मिळताही शंभरात चव्वेचाळीस जणांस थोडाबहुत आराम पडला! व्याधीचा चढउतार, मनाचा विश्वास, चालू असलेली इतर औषधे, कारणे काहीही असोत. "अमक्याच्या पुडीने आमच्या मामांना गुण आला" ही साक्ष किती तोकडी असते, हे यावरून कळावे. तुलनेवाचून गुणाचे श्रेय कोणास द्यावे, हे ठरविता येत नाही.

पूर्वी अशा रोग्यांस सक्त विश्रांती सांगत. श्रमाने दाह वाढेल अशी समजूत होती. सन २००० च्या सुमारास स्वीडनमध्ये हेलेन अलेक्झांडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांकडून घरच्या घरी बेताचा व्यायाम करविला आणि तो निर्धोक असून लाभदायक असल्याचे दाखविले. पुढील अभ्यासांनीही त्यास दुजोरा दिला. आज योग्य देखरेखीखालील व्यायाम हा उपचाराचाच भाग मानला जातो. प्रेमापोटी रोग्याला खाटेवर जखडून ठेवणे हे त्याचे हित नव्हे.

आता ज्ञातिबांधवांस मुद्दाम सांगावयाचे ते सांगतो. आपल्या कुटुंबांत मुलीचा आजार झाकून ठेवण्याची रीत आहे. स्थळ मोडेल, धाकटीचेही अडेल, या धास्तीने औषध चोरून घेतले जाते आणि लग्न ठरताच बंद केले जाते. याहून मोठा अनर्थ नाही. दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास जिवावर बेतू शकते. उलटपक्षी, मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहणे बाळास घातक असते. ते किती आधी थांबवावे व त्याऐवजी काय घ्यावे, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने अगोदर ठरवावे लागते. म्हणजे लपविलेली गोळी चालू ठेवली तरी धोका आणि टाकली तरी धोका. व्याधी आटोक्यात असलेल्या अनेक स्त्रिया वैद्यकीय देखरेखीखाली संसार करतात, माता होतात. हे होते ते उघडपणे बोलल्याने. वरपक्षानेही आजाराचे नाव ऐकताच पाठ फिरविण्यापूर्वी डॉक्टरांस दोन प्रश्न विचारण्याइतका विवेक दाखवावा. मधुमेही वर आपण निःशंकपणे स्वीकारतो. मग उपचाराखाली असलेल्या वधूचाच विटाळ का मानावा?

मंडळास आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली, वैद्यकीय साहाय्यनिधीतून शस्त्रक्रियेस मदत मिळते. तीच दीर्घकाळ औषधे घ्याव्या लागणाऱ्या रोग्यांसही मिळावी, कारण इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च मध्यम स्थितीतील कुटुंबास पेलणारा नाही. दुसरी, रक्तदान शिबिरे नेमाने भरवावीत. हे औषध कारखान्यात कृत्रिम रीतीने निर्माण होत नाही; हजारो अनामिक दात्यांच्या रक्तद्रवातूनच ते गाळले जाते.

आणि घरोघरी एवढे करावे. आपले आई-वडील, पत्नी, सून वा मूल काही आठवड्यांपासून हात टेकूनच उठत असेल, केस विंचरताना थांबत असेल, तर "वय झाले", "आळस आला" असे म्हणून मोकळे होऊ नये. त्यास डॉक्टरांकडे न्यावे, आणि दुखते काय एवढेच न सांगता काय करता येईनासे झाले, हे नेमके सांगावे. आपल्या साध्या शब्दांतील ती हकीकतच निदानाची पहिली पायरी ठरते.