लांडगा झालेला माणूस : नायक की खलनायक?



भारदस्त विषयांच्या ह्या मालेत आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून पुष्कळांना हसू आले असेल. रात्री माणसाचा लांडगा होतो आणि उजाडल्यावर त्या लांडग्याचा पुन्हा माणूस होतो, ही गोष्ट मुलांना झोपविताना सांगावी; मोठ्यांनी सभागृहात बसून ऐकावे असे तीत काय आहे? आमचे म्हणणे असे की, ह्या गोष्टीने युरोपात दोन हजार वर्षे एका अवघड प्रश्नाचे ओझे वाहिले आहे. एखाद्याच्या हातून भयंकर कृत्य घडले, तर ते करणारा तोच, की त्याच्यात शिरलेले दुसरे काही? आणि ते जे शिरले, ते त्याच्या दोषाने की दुर्दैवाने? कथाकार ह्या प्रश्नाला जे उत्तर देतो त्यावर त्याचा लांडगा-माणूस खलनायक व्हावयाचा की नायक, हे ठरते. एके काळी हे उत्तर न्यायाधीशांनीही दिले आणि त्यापायी माणसे जाळली गेली. तेव्हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आधी शब्दाचे पाहू. इंग्रजीत ह्या प्राण्याला वेअरवुल्फ म्हणतात. त्यातला 'वेर' हा जुन्या इंग्रजीतील पुरुषवाचक शब्द आपल्या 'वीर' शब्दाचा सख्खा भाऊ, आणि 'वुल्फ' हा 'वृक' शब्दाचा. हे नाते भाषाशास्त्रज्ञांनी पक्के केलेले आहे. आपल्या भीमसेनालाही महाभारतात वृकोदर म्हटले आहेच. पण त्याच्यातला लांडगा पोटापुरता! आम्ही आज सोयीसाठी वृकमानव हा शब्द वापरणार आहोत.

ह्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे आर्केडियाचा राजा लायकेऑन. ओव्हिड ह्या रोमन कवीने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी त्याची कथा आपल्या रूपांतरांच्या महाकाव्यात सांगितली. देवांचा राजा ज्यूपिटर माणसाच्या रूपाने त्याच्या घरी आला. हा खरोखर देव आहे काय, ह्याची परीक्षा पाहावी म्हणून लायकेऑनने ओलीस ठेवलेला एक मनुष्य मारून त्याचे मांस पाहुण्याच्या ताटात वाढले. देवाने घर जाळले. राजा रानात पळाला, ओरडू गेला तो तोंडातून लांडग्याचे केकाटणे निघाले. येथे न्याय सरळ आहे. लायकेऑन मनाने लांडगा होताच, देवाने फक्त कातडे मनाच्या मापाचे करून दिले. आपल्याकडे कल्माषपाद राजाची कथा ह्याच्या जवळपास जाते. त्यानेही भुकेल्या ब्राह्मणाला नरमांस वाढविले. पण कल्माषपाद आधीच एका शापाने ग्रासलेला होता, त्याच्यात राक्षस शिरला होता, आणि बारा वर्षांनी वसिष्ठाने, ज्याचे पुत्र त्याने खाल्ले त्याच वसिष्ठाने, त्याला सोडविले. लायकेऑनला सोडविणारा कोणी नाही. दोन कथांतला हा फरक मनात ठेवावा.

पेट्रोनियसच्या ग्रंथात मेजवानीत सांगितलेली एक शिपायाची गोष्ट आहे, तीही रोमचीच. थडग्यांजवळ कपडे काढून शिपाई लांडगा होतो, गुरांत शिरतो, भाल्याचा घाव खातो. सकाळी पाहावे तो बिछान्यात पडलेला आणि वैद्य त्याच्या मानेला मलमपट्टी करीत असलेला. सांगणारा म्हणतो की, त्यानंतर त्या माणसाच्या पंक्तीला बसणे आपल्याला कधीच जमले नाही. शिपाई चांगला की वाईट ह्याचा विचारही तो करीत नाही. पण लांडग्याला झालेली जखम माणसाच्या अंगावर उमटावी, ही युक्ती तेथून पुढे असंख्य लेखकांनी उचलली.

आता ज्या कथेपाशी आम्हांला थांबावयाचे आहे ती बाराव्या शतकातली. मारी द फ्रांस नावाच्या कवयित्रीने जुन्या फ्रेंचमध्ये काही लहान कथाकाव्ये लिहिली, त्यांतले एक 'बिस्क्लाव्हरे'. ब्रिटनी प्रांतात एक सरदार असतो. देखणा, राजाच्या विश्वासातला, बायकोवर प्रेम करणारा. दर आठवड्याला तीन दिवस तो नाहीसा होतो. बायको खोदून खोदून विचारते. अखेर तो सांगतो की, मी लांडगा होऊन रानात राहतो. "आणि कपडे?" ती विचारते. प्रश्न साधा दिसतो, पण सगळी कथा ह्या कपड्यांवर उभी आहे. कपडे गेले तर माणूसपण गेले. एका पडक्या देवळाजवळच्या पोकळ दगडात ते ठेवलेले असतात, हेही बिचारा सांगून टाकतो. बायको घाबरते, आपल्यामागे लागलेल्या एका दुसऱ्या सरदाराला बोलावते, कपडे चोरविते आणि त्याच्याशी लग्न लावते.

एक वर्षाने राजा शिकारीला जातो. कुत्री एका लांडग्याला घेरतात. लांडगा धावत येऊन राजाची रिकीब धरतो आणि त्याच्या पायाचे चुंबन घेतो. राजा आश्चर्याने कुत्री मागे घेतो, त्याला दरबारी नेतो. लांडगा सर्वांशी सौम्य वागतो, राजाजवळ निजतो. मात्र तो दुसरा सरदार दरबारात येताच त्याच्यावर झेप घेतो. आणि पुढे ती स्त्री येते तेव्हा तिचे नाक तोडून टाकतो. लोक शस्त्रे उगारतात. तेव्हा एक शहाणा मनुष्य म्हणतो की, ज्याने आजवर कोणाला दुखविले नाही तो ह्या दोघांवरच का जातो, ह्याचा तपास करावा. स्त्रीचा छळ करून तिच्याकडून कबुली घेतात, कपडे आणवितात, लांडग्यापुढे ठेवतात. लांडगा त्यांकडे पाहतसुद्धा नाही! शहाणा मनुष्य पुन्हा सांगतो : चारचौघांत हा रूप पालटणार नाही, त्याला लाज वाटते, आत नेऊन दार लावा. थोड्या वेळाने राजा दार उघडतो तो त्याच्या पलंगावर सरदार गाढ झोपलेला.

आमच्या मते वृकमानवाच्या सगळ्या वाङ्मयात ह्या बंद दाराइतके मोठे काही नाही. लांडग्याला लाज वाटते, ह्या एका गोष्टीने आत माणूस शाबूत असल्याचे कवयित्रीने दाखविले. वृकमानव नायक कसा झाला? त्याने पराक्रम केला म्हणून नव्हे. राजाने कुत्री मागे घेतली, शहाण्याने 'का?' असे विचारले आणि दार लावून घेण्याइतकी कोणीतरी त्याची बूज राखली, म्हणून.

परंतु त्या स्त्रीचे काय? रोज आपल्या शेजारी निजणारा मनुष्य लांडगा आहे हे कळल्यावर ती घाबरली, ह्यात नवल ते कसले? चोरी आणि दुसरे लग्न हे तिचे अपराध खरे. पण तिला नाक गमवावे लागते, देशोधडीला लागावे लागते आणि तिच्या वंशातल्या काही मुलीही नकट्या जन्मतात. नवऱ्याला मिळालेली समजूत तिच्या वाट्याला कणभरही येत नाही. लांडग्याला नायक करावयाचा तर पशुत्व दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात टाकावे लागते, असा ह्या कथांचा व्यवहार दिसतो. सुमारे १२०० सालच्या 'गियोम द पालेर्म' ह्या फ्रेंच काव्यातही लांडगा झालेला स्पेनचा राजपुत्र प्रेमी युगुलाला अन्न पुरवितो, शत्रूंना हूल देतो. तेथे सगळे विष सावत्र आईच्या माथी आहे. सावत्र आया ह्या कामी सर्वच देशांत उपयोगी पडलेल्या दिसतात.

सोळाव्या शतकात ही गोष्ट काव्यातून कचेरीत आली. १५८९ साली कोलोनजवळच्या बेडबुर्ग गावी पेटर श्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला, सैतानाने दिलेला पट्टा कमरेला बांधून लांडगा होतो आणि मुलेमाणसे खातो, ह्या आरोपावरून चाकावर हाडे मोडून ठार केले. छळाच्या धाकाने घेतलेला कबुलीजबाब हा मुख्य पुरावा. त्याच्या मुलीलाही जाळले. दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये ह्या हकीकतीचे चोपडे छापून विकले गेले. खलनायक वृकमानवाचे हे एक आरंभीचे लोकप्रिय पुस्तक; आणि ते खरी घटना म्हणून वाचले गेले, हे विसरता कामा नये.

सर्वच न्यायाधीश सारखे नव्हते. १६०३ साली बोर्दोच्या वरिष्ठ न्यायालयापुढे झां ग्रेनिए हा तेरा-चौदा वर्षांचा गुराखी पोरगा आला. रानातल्या कोणा स्वामीने आपल्याला लांडग्याचे कातडे व मलम दिले, असे तो आपण होऊन सांगत होता. न्यायालयाने त्याला मंदबुद्धीचा, आजारी ठरविले आणि जाळण्याऐवजी जन्मभरासाठी मठात ठेवले. ही दयाच, पण दार ह्याही पोरावर लागलेच, आणि ते बाहेरून.

आणि आता थीस म्हातारा. १६९१ साली आजच्या लाटव्हियात, त्या वेळच्या स्वीडिश अमलाखालच्या लिव्होनियात, चर्चमधल्या चोरीच्या एका खटल्यात हा ऐंशी वर्षांच्या घरातला शेतकरी साक्षीला उभा राहिला. तो शपथ घेऊ लागताच दुसरा साक्षीदार हसला. का हसलास म्हणून विचारता तो म्हणाला की, हा वृकमानव आहे हे गावात कोणाला ठाऊक नाही? न्यायाधीशांनी विचारले, म्हाताऱ्याने मान्य केले. इतकेच नव्हे, त्याने सांगितले की, आम्ही देवाचे कुत्रे आहोत. चेटके लोक धान्य, गुरे, झाडांचा मोहोर चोरून नरकात नेतात. आम्ही वर्षातून तीन रात्री लांडगे होऊन तेथे जातो आणि ते ओढून परत आणतो. उशीर झाला तर त्या वर्षी पीक बुडते. अशाच एका झटापटीत चेटक्याने झाडूचा दांडा मारून आपले नाक मोडले, हेही त्याने सांगितले. सैतानाशी करार केल्याचे कबूल कर, पश्चात्ताप कर, असे पाद्रीबोवांनी परोपरीने विनविले. म्हातारा हटला नाही. मी कोणाचे वाईट केले नाही, उलट तुमच्याहून अधिक चांगले केले, अशा अर्थाचे त्याने पाद्र्यालाच सुनावले. १६९२ साली त्याला फटक्यांची आणि हद्दपारीची शिक्षा झाली.

एकच वृकमानव, एकाच दालनात, स्वतःच्या तोंडून गावाचा रक्षक आणि कागदावर सैतानाचा हस्तक! न्यायाधीशांच्या चौकटीत चांगल्या लांडग्याला जागाच नव्हती. नायक होण्यासाठी मारी द फ्रांसच्या राजासारखा ऐकणारा लागतो. थीसला लेखनिक मिळाला. त्या लेखनिकाचे उपकारच मानावयाचे, कारण म्हाताऱ्याचे बोलणे आपल्यापर्यंत पोचले ते त्याच्यामुळे.

एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त कादंबऱ्यांत वृकमानव पुष्कळ आले. त्यांत फार वेळ घालविण्यासारखे नाही. मात्र मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची १८९० सालची 'द मार्क ऑफ द बीस्ट' ही कथा हिंदुस्थानात घडते, म्हणून सांगावयास हवी. फ्लीट नावाचा एक दारूने झिंगलेला इंग्रज मारुतीच्या मूर्तीच्या कपाळावर जळती सिगार दाबतो. देवळातला एक महारोगी त्याला मिठी मारतो, आणि फ्लीट कच्चे मांस मागू लागतो, लांडग्यासारखा ओरडू लागतो. त्याचे दोघे मित्र त्या महारोग्याला पकडून तापलेल्या लोखंडाने त्याचे हाल करतात, तेव्हा शाप उतरतो. हाल कसे केले ते निवेदक सांगत नाही. आपण इंग्रज नावाला काळिमा लावला एवढे मात्र त्याला उमगते. लांडगा झालेला फ्लीट खोलीत बांधलेला पडला असताना खरे लांडगेपण दोघे शुद्धीवरचे सभ्य गृहस्थ करीत आहेत. किपलिंगच्या राजकारणाविषयी आमचे मत काही असो, येथे त्याच्या लेखणीने त्याच्या मतांपेक्षा जास्त पाहिले.

विसाव्या शतकात ही कथा चित्रपटांनी हाती घेतली. डिसेंबर १९४१ मध्ये आलेल्या 'द वुल्फ मॅन' ह्या अमेरिकन बोलपटाची कथा कर्ट सिओडमॅकची. हा जर्मनीत जन्मलेला ज्यू लेखक नाझी सत्तेवर आल्यावर देश सोडून गेलेला होता. त्याचा नायक लॅरी टॅलबॉट एका मुलीला लांडग्याच्या तावडीतून सोडवावयास धावतो, त्यात त्याला दंश होतो, आणि तोच लांडगा होतो. पुढचा बळी कोण हे त्याला कसे कळते? त्या माणसाच्या तळहातावर त्याला पंचकोनी तारा दिसतो. अंगावर ताऱ्याची खूण असलेली माणसे मारण्यासाठी निवडली जावीत, ही कल्पना त्या वर्षी, त्या लेखकाला सुचावी, ह्यात योगायोग कितपत होता ते श्रोत्यांनीच पाहावे. लायकेऑन पापामुळे लांडगा झाला, टॅलबॉट परोपकारामुळे. तो स्वतःला बांधून घ्यावयास तयार असतो, सांगत सुटतो, आणि कोणी विश्वास ठेवीत नाही. शेवटी त्याचा बापच चांदीच्या मुठीच्या काठीने त्याला ठार करतो, आणि मग पायाशी पाहतो तो मुलगा. दंशाने हा प्रकार जडतो ही समजूत मुख्यतः चित्रपटांनी रुजविली. आणि एकदा तो रोग ठरला की वृकमानव गुन्हेगाराऐवजी रोगी होतो.

ह्याच धाग्यावर जे. के. रोलिंग ह्या बाईंचा ल्यूपिन उभा आहे. १९९९ सालच्या त्यांच्या तिसऱ्या हॅरी पॉटर पुस्तकात तो एक प्रेमळ, फाटक्या झग्याचा मास्तर म्हणून येतो. लहानपणी दंश झालेला. औषध घेऊन पौर्णिमेची रात्र खोलीत काढणारा. एच.आय.व्ही.सारख्या, समाज ज्यांना कलंक मानतो अशा आजारांचे हे रूपक आहे, असे लेखिकेने स्वतः सांगितले आहे. पण रूपक येथे थोडे अडते. एच.आय.व्ही. झालेला मनुष्य पौर्णिमेला कोणाच्या नरडीचा घोट घेत नाही. ल्यूपिन औषध विसरला तर घेऊ शकतो, आणि एकदा विसरतोही. लेखिकेला ही अडचण जाणवली असावी, कारण पुढे त्यांनी ग्रेबॅक हा दुसरा वृकमानव आणला. ल्यूपिनला दंश करणारा तोच. पौर्णिमेच्या सुमारास मुद्दाम लहान मुलांच्या आसपास राहणारा. रोग एकच, माणसे दोन. आम्हांला ही मांडणी प्रामाणिक वाटते.

अलीकडच्या पुष्कळ पुस्तकांत आणि चित्रपटांत वृकमानव केवळ पिळदार अंगाचा, विश्वासू तरुण असतो. २०२२ सालच्या 'भेडिया' ह्या हिंदी चित्रपटात तो अरुणाचलच्या जंगलाचा रखवालदार होतो. त्यांची करमणूक आम्ही नाकारीत नाही. पण ज्याच्यापासून कोणालाच धोका नाही त्याच्यावर माया करण्यात कोणाची कसोटी लागत नाही, आणि नुसत्या दुष्टाला मारण्यातही लागत नाही. ल्यूपिनचे गुपित फुटते तेव्हा मुख्याध्यापक त्याला काढून टाकीत नाहीत. तोच सामान बांधावयास घेतो. उद्या सकाळी पालकांची पत्रे येतील, आपल्या मुलांना अशा माणसाने शिकवू नये असे ते लिहितील, आणि त्यांचे म्हणणे मला समजते, असे तो म्हणतो. आदल्या रात्री त्याच्या हातून त्यांच्यापैकी एखाद्याचे मूल फाडले गेले असते, हे त्याला ठाऊक आहे. पत्रे लिहिणारे ते पालक आपल्यासारखेच सज्जन आहेत. आपण त्यांच्या जागी असतो तर पत्र लिहिले असते की नाही, ह्याचे उत्तर आम्ही स्वतःलाही अजून देऊ शकलेलो नाही.