उपचार केंद्रात माणसे कोण?



ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या मुलाला केंद्रात नेताना आपण इमारत पाहतो. आत कामाला कोण आहे, हे विचारीत नाही. 'नाको'च्या ओपिऑइड पर्यायी उपचार केंद्रात डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि नोंदी ठेवणारा कर्मचारी अशी माणसे लागतात. ब्युप्रेनॉर्फिनची मात्रा डॉक्टर ठरवितात. परंतु रोज जिभेखाली ठेवलेले औषध पूर्ण विरघळेपर्यंत लक्ष ठेवते ती परिचारिका! आमच्या मते सारी मदार तिच्यावरच. तिची जागा रिकामी राहिली, तर औषध खिशातून बाहेर जाते, सुईतून टोचले जाते. किंवा मिळतच नाही आणि अंगदुखी, उलट्यांनी हैराण झालेला मुलगा पुन्हा पुडीकडे वळतो. म्हणून केंद्रात गेल्यावर पहिल्यांदा विचारा, आज परिचारिका आहे का?